मावशीचा लॅपटॉप : नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

१ नोव्हेंबर, शनिवार

सदाशिव पेठेतून मावशीचा लॅपटॉप घरी कोथरूडला आणला. २०१७ साली घेतलेला. आय-थ्री ६००६यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. एका दुरुस्तीवाल्याने तिला "यात काही राम नाही, नवीनच घ्या" असं सांगून परत पाठवलं होतं. मावशीचं म्हणणं, "अरे, बटण दाबून मी देवपूजेला बसते. पूजा आटोपली तरी ते चाक आपलं फिरतंच असतं."

लॅपटॉप नवा घेता येईलही, पण त्यातलं काम तिचं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती मोडी शिकली. आता ओळखीतून लोक घरातले जुने कागद स्कॅन करून पाठवतात आणि ती ते वाचून बाळबोधात उतरवून देते. पाच वर्षांचं काम एकाच डिस्कवर, दुसरी प्रत कुठेही नाही. हे ऐकल्यावर माझ्याच पोटात गोळा आला.

आज काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं, असं ठरवून बसलो. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला ३ मिनिटं ५० सेकंद. वर्ड उघडून कर्सर लुकलुकायला लागेपर्यंत एकूण ८ मिनिटं १० सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे कशावर किती भार आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, डिस्क १०० टक्के, तिचा सरासरी प्रतिसाद १,८०० मिलिसेकंदांच्या आसपास. मेमरी ९१ टक्के. प्रोसेसर १९ टक्के, म्हणजे तो मोकळाच बसला आहे. (हे वाक्य चुकीचं आहे. १३ तारखेची नोंद पाहावी.)

प्रतिसादाचा आकडा बघून संशय डिस्कवरच गेला. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते, एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी आणि सुईचा दांडा सरकायला साधारण एका फेरीइतका किंवा थोडा जास्त वेळ. म्हणजे विखुरलेली माहिती अशी डिस्क सेकंदाला साठेक वेळाच उचलून देऊ शकते. ही गती मुळातच कमी, पण त्या हिशेबाने प्रतिसाद वीस मिलिसेकंदांच्या घरात हवा. १,८०० म्हणजे डिस्क बहुधा एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघते आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. पिवळी खूण, "सावधान". सी५ या ओळीत, म्हणजे ज्या सेक्टरांचं (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचं) वाचन अडकलं आहे त्यांच्या संख्येत, ३० दिसतं. हे साधन कच्चे आकडे षोडशमानात, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबात, दाखवतं, म्हणून ते ३० म्हणजे आपले ४८. संख्या आठाच्या पटीत येण्याचं कारण, हिशेब ५१२ बाइटांच्या तुकड्यांत असतो आणि डिस्कवरचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटांचा. म्हणजे प्रत्यक्षात खराब जागा सहा. ऐकायला सहाच वाटतात, पण त्या कुठे आहेत हे कळेपर्यंत जीव टांगणीला.

तिथेच लॅपटॉप बंद केला. आजारी डिस्कवर डीफ्रॅग, चेकडिस्क, "क्लीनर" यातलं काही चालवायचं नाही. त्या प्रत्येकात डिस्कवर लिहिलं जाऊ शकतं, आणि उरलीसुरली माहितीही हातची जाऊ शकते. मागचं झाकण उघडून डिस्क बाहेर काढली, साटा-यूएसबी केबलने माझ्या लिनक्सच्या मशीनला लावली आणि फक्त वाचण्यापुरती उघडली. सर्वांत आधी मावशीचं "रुमाल" फोल्डर, ३८ जीबी. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात म्हणून तिने कामाच्या फोल्डरलाही तेच नाव दिलंय. आत गावांच्या नावाने पोटफोल्डर, प्रत्येकात स्कॅन आणि शेजारी तिचं लिप्यंतर.

चाळीस मिनिटांत सगळं आलं, एक फाइल सोडून. सासवडच्या एका घराण्याचा महजर (जुन्या निवाड्याचा कागद), १७ वं पान. तिथे केबलवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि शेवटी चूक दाखवून पुढे गेला.

रात्री अख्ख्या डिस्कची प्रत घ्यायला डीडीरेस्क्यू लावून झोपलो. हे साधन आधी सरळ वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलं की तो भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी मागे येऊन अडलेल्या जागा बारीक बारीक तुकड्यांनी वाचायचा प्रयत्न करतं. काय मिळालं, काय नाही याचा नकाशा एका फाइलीत लिहून ठेवतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साडेसहाला उठून आधी पडदा पाहिला. न मिळालेली माहिती २४,५७६ बाइट. सहा गुणिले ४,०९६, बरोबर तेवढीच. बाकी सगळं सुखरूप. ऑफिसला निघण्याआधी मावशीला फोन करून सांगितलं. ती नुसतं "बरं झालं बाबा" म्हणाली, पण आवाज हलका झाला होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. मावशी देवळात पणत्या लावायला गेलेली, म्हणून फोन उशिरा झाला. तोपर्यंत त्या सहा जागांचा छडा लावला. डीडीरेस्क्यूला सांगून न मिळालेल्या जागांत एक ठरावीक शब्द भरला आणि मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. एक सेक्टर विंडोजच्या अपडेटच्या कुठल्याशा तात्पुरत्या फाइलीत, तो गेला तरी चालेल. उरलेले पाचही ओळीने सासवडच्या १७ व्या पानात.

आता त्या पानाचं गणित. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, ए-४ मापाचं रंगीत स्कॅन म्हणजे ४,९६० गुणिले ७,०१६ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. आकार कमी न केलेली (अनकॉम्प्रेस्ड) टिफ फाइल असल्यामुळे जवळजवळ १०४ एमबी. ठिपक्यांची एक आडवी ओळ १४,८८० बाइटांची. गेलेले बाइट २०,४८०. म्हणजे अख्ख्या पानातून जेमतेम दीड ओळ गेली. कागदावर मोजली तर एक दशांश मिलिमीटरही भरत नाही! मूळ डिस्कवर मात्र तेवढ्यासाठी सगळी फाइल उघडत नव्हती, कारण दीड ओळीशी अडलं की संगणक पुढचं वाचायचंच सोडून देत होता. प्रतीतली फाइल उघडली. पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात केसाएवढी रंगीत रेघ, बाकी कागद जसाच्या तसा. शाईचा तपकिरी झालेला रंग, घडीवर पडलेली फाट, सगळं आहे.

मावशीला फोटो पाठवला. तिचं उत्तर रात्री साडेदहाला: "रेघ अक्षरांच्या पायातून गेली आहे, शिरोरेघ शाबूत आहे. वाचता येईल." मोडीत लेखक आधी कागदभर शिरोरेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत जात, म्हणून ती आधी शिरोरेघ पाहते.

या गणितातून रॅमचाही उलगडा झाला. ती एका वेळी तीन-चार पानं उघडून ताडून बघते. चार पानांचे ४०० एमबीपेक्षा जास्त, त्यात चित्र दाखवणारा प्रोग्राम स्वतःसाठी आणखी प्रती करतो, शेजारी वर्ड, ब्राउझर, खाली विंडोज. ४ जीबी कुठे पुरणार? जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवतं, आणि डिस्क ही अशी.

८ नोव्हेंबर, शनिवार

वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडई स्टेशन, तिथून चालत तपकीर गल्ली. शनिवारची गर्दी, वायरींची भेंडोळी आणि हातगाड्या यातून वाट काढत तिसऱ्या दुकानात हवं ते मिळालं. ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) आणि ८ जीबीची डीडीआर४ रॅम. रॅमचे भाव चढले आहेत, दुकानदार म्हणाला पुढच्या महिन्यात आणखी चढतील. दोन्ही मिळून सहा हजारांच्या थोडं वर गेलं. पक्कं बिल घेतलं, वॉरंटीसाठी तेच लागतं.

लॅपटॉपात रॅमचा एक खण रिकामा होता, त्यामुळे आता १२ जीबी. एसएसडी जुन्या डिस्कच्याच चौकटीत बसली, चार स्क्रू.

९ नोव्हेंबर, रविवार

जुनी विंडोज तशीच उचलून आणण्याऐवजी कोरी घातली. जुनीत दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते. परवान्याची चिंता नव्हती, तो मदरबोर्डाशी जोडलेला असतो, इंटरनेट लागताच आपोआप जागेवर आला.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, हा सहाव्या पिढीचा. अट चुकवून ती घालायच्या युक्त्या आहेत, पण मावशीच्या मशीनवर असे प्रयोग मी करणार नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, त्यासाठी नोंदणी केली. पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला हा विषय पुन्हा काढायचा.

इनस्क्रिप्ट कळफलक, वर्ड, तिचे फाँट, "रुमाल" फोल्डर. सगळं व्हायला दुपारचे चार वाजले. नुसती विंडोज घालायलाच अडीच तास गेले. पेनड्राइव्ह जुना आहे, त्याचा वेळ असेल असं धरलं.

सुरू व्हायला आता १ मिनिट ५० सेकंद. आधीच्या मानाने कितीतरी बरं. पण एसएसडीवर हे २० सेकंदांच्या आसपास हवं. मनात ही गोष्ट टोचत राहिली, तरी उशीर झाला होता म्हणून तसाच मावशीकडे पोचवला. ते करायला नको होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मावशीचा फोन. "उघडतो लवकर. पण पान सरकवलं की अडकतो रे. अक्षर टाइप केलं की जरा थांबून उमटतं. आणि सारखं नाही होत असं. रविवारी रात्री झकास चालला होता, काल सकाळी पुन्हा तेच."

कधी बरा, कधी वाईट. डिस्क नवी, रॅम भरपूर, विंडोज कोरी. ज्या ज्या गोष्टींवर मी बोट ठेवलं होतं त्या सगळ्या बदलून झाल्या होत्या. संध्याकाळी तिच्याकडे गेलो. टास्क मॅनेजर पाहिला, डिस्क २ टक्के, मेमरी ४१ टक्के, प्रोसेसर १९ टक्के. पान सरकवलं तरी १९, वर्ड उघडलं तरी १९. आकडा १९ च्या पुढे सरकत नाही हे पाहिलं आणि तरीही डोक्यात काही पेटलं नाही. तापमान पाहिलं, ४६ अंश. म्हणजे तापण्याचाही प्रश्न नाही. हात हलवत परत आलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बाराच्या सुमारास मावशीचा फोन, एकदम खुशीत. "अरे, काय केलंस तू? आज लॅपटॉप नुसता पळतोय!"

मी काहीच केलं नव्हतं. बोलता बोलता ती म्हणाली, पंखा नाही, घामाघूम झालेय, पण आज काम उरकून घेते. मी विचारलं, "मावशी, वीज गेली आहे का?"

"गुरुवार ना आज. दहाला गेली, दुरुस्तीची."

म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर होता. बॅटरीवर पळतो आणि विजेवर रांगतो! एरवी उलट होतं, बॅटरी वाचवायला विंडोज बॅटरीवर असताना वेग कमी करतं.

तिला फोनवरच टास्क मॅनेजर उघडायला लावला आणि या वेळी टक्के सोडून "स्पीड" या शब्दासमोरचा आकडा वाचायला सांगितला. १.९९ गिगाहर्ट्झ. वीज आल्यावर दीड वाजता तिनेच आपणहून फोन केला. चार्जर लावलाय, आता शून्य पूर्णांक एकोणचाळीस दिसतंय. पुन्हा काढला, १.९९. पुन्हा लावला, ०.३९.

या प्रोसेसरचा मूळ वेग २ गिगाहर्ट्झ. ०.३९ ला २ ने भागलं की साडेएकोणीस टक्के. विंडोज १० चा टास्क मॅनेजर परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा टक्का मूळ वेगाच्या मानाने दाखवतो. म्हणजे वेग पाचपट आवळलेला असताना प्रोसेसर जिवाच्या आकांताने धावत असला तरी पडद्यावर १९ च दिसणार. पहिल्या दिवसापासून तो आकडा माझ्यासमोर होता आणि मी "मोकळाच बसला आहे" असं लिहिलं. रविवारचे अडीच तासही त्यातलेच, पेनड्राइव्हचा काही संबंध नाही. पहिल्या दिवसाची ओळ खोडत नाही, तशीच ठेवतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसमधून थेट मावशीकडे. चार्जर हातात घेऊन नीट पाहिला. मूळचा नाही, दोनेक वर्षांपूर्वी एका दुकानातून बदलून घेतलेला. वरचं लेबल १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट, आकडे बरोबर. पण या जातीच्या लॅपटॉपांत गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी आणखी एक बारीक पिन असते. वीज बाहेरच्या नळीतून जाते. मधल्या पिनेवरून चार्जर फक्त आपली ओळख सांगतो, की मी इतक्या वॉटचा आहे. मोबाइलच्या दिव्यात पाहिलं तर ती सुई एका बाजूला झुकलेली, टोकाला काळपट.

ओळख पटली नाही की लॅपटॉप दोन गोष्टी करतो. बॅटरी चार्ज करायचं थांबवतो आणि प्रोसेसरला सर्वांत खालच्या वेगावर आणून ठेवतो, कारण समोरचा चार्जर किती भार सोसेल हे त्याला माहीत नसतं. वागणं शहाणपणाचंच आहे. वायर जरा हलली की पिन टेकते आणि ओळख पटते, तेव्हा बॅटरीही थोडी भरते. "रविवारी रात्री झकास" याचा उलगडा असा झाला.

मग एक प्रश्न उरला. असं झालं की लॅपटॉप सुरू होताना "चार्जर ओळखता आला नाही" अशी सूचना येते. मावशीला ती कधीच दिसली नव्हती. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो. चार्जरबद्दलच्या सूचना बंद केलेल्या होत्या. मावशीने बायोस कधी उघडलेलंही नाही. चार्जर बदलला त्यानंतर कुणीतरी सूचनेची कटकट नको म्हणून ती बंद करून टाकली असणार. याचा मला मनापासून राग आला. ती सूचना चालू असती तर मावशीची दोन वर्षं अशी वाट बघण्यात गेली नसती.

शेजारच्या काकांकडे त्याच जातीचा लॅपटॉप आहे. त्यांचा मूळ चार्जर दहा मिनिटं मागून आणला. लावताच बायोसमध्ये ६५ वॉट दिसलं, बॅटरी ५७ वरून ५८ झाली, वेग १.९९. म्हणजे लॅपटॉपातलं भोक ठीक आहे, दोष चार्जरचाच.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या साधनात एक खूण काढली की प्रोसेसर हा बाहेरून आलेला "थांब" ऐकत नाही. तासाभरात काम झालं असतं. पण बॅटरी तरीही भरली नसती आणि खरोखर कमी ताकदीचा चार्जर लागला तर तो तापला असता. ते केलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल योग्य ओळख देणारा चार्जर आणला, दुकानातच लॅपटॉप लावून, बायोसमध्ये ६५ वॉट दिसल्यावरच पैसे दिले. सूचना पुन्हा चालू केल्या. पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढली, पाती बोटाने धरून, म्हणजे उगाच गरगर फिरत नाहीत.

सुरू व्हायला २१ सेकंद. वर्डचा कर्सर लुकलुकेपर्यंत ३३. १०४ एमबीचं पान उघडायला दोन सेकंदांच्या आत. जुन्या चार्जरची वायर कापून टाकली, चुकून पुन्हा लागायला नको.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर तक्रार नाही. दुपारी मावशीकडे गेलो ते बाहेरच्या डिस्कवर दर शनिवारी प्रत कशी घ्यायची ते शिकवायला. तिने वहीत पायऱ्या लिहून घेतल्या आणि मी खुर्चीवरून उठून तिलाच करायला लावल्या. दुसऱ्या खेपेला तिने न बघता केलं.

मग तिने सासवडचं १७ वं पान उघडलं. ती रेघ जिथे होती तिथे पान मोठं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ वाकली. ओळ एकदा मनात, एकदा मोठ्याने वाचली, एका अक्षरापाशी थांबून मागच्या पानावर तोच शब्द कसा लिहिला आहे ते ताडून पाहिलं. दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडी, सरकताना कुठे अडकत नव्हती. "हा 'स' आहे, 'र' नव्हे," म्हणाली आणि टाइप करायला लागली. त्या घराण्याला पान पुन्हा स्कॅन करून पाठवा असं तिने कळवलं आहे, ते आलं की रेघेची फाइल बदलायची.

जुन्या डिस्कवर "खराब, वापरू नये, २/११/२५" अशी चिठ्ठी चिकटवून ती माझ्या कपाटात ठेवली. डीडीरेस्क्यूने घेतलेली प्रत आणि तिचा नकाशाही नवं स्कॅन येईपर्यंत पुसणार नाही.